करारनाम्यातील लवादाचे कलम

विद्यार्थिमित्रहो, कर्जाच्या करारनाम्यासारखा रुक्ष विषय शाळेच्या वार्षिकात यावा, ह्याचे तुमच्यापैकी पुष्कळांस नवल वाटेल. परंतु टिटवाळ्यासारख्या गावी हा विषय केवळ मोठ्या माणसांचा राहिलेला नाही, असे आमचे मत आहे. काळू नदीच्या काठी वसलेले व महागणपतीच्या देवळामुळे दूरवर ठाऊक असलेले हे गाव आज कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. येथील कर्ती माणसे पहाटेच्या गाडीने आंबिवली, शहाड, कल्याण करीत ठाण्या-मुंबईस कामावर जातात. घर घ्यावयाचे ते कर्जाने, मोटारसायकल घ्यावयाची ती हप्त्याने, आणि आता मोबाईल फोनदेखील हप्त्यानेच. ह्या प्रत्येक व्यवहाराबरोबर घरात एक जाड कागदांचा गठ्ठा येतो. तो बहुधा इंग्रजीत असतो. मग वडील किंवा आई नववी-दहावीतल्या मुलास हाक मारतात, "बघ रे, ह्यात काय लिहिले आहे ते." मूल हप्त्याचा आकडा वाचते, व्याजाचा दर वाचते, आणि बाकीची पाने उलटते.

त्या उलटलेल्या पानांतील एकाच कलमाचा अभ्यास आपणांस आज करावयाचा आहे. पालकांनीही हा पाठ मुलांबरोबर वाचावा, अशी आमची त्यांस विनंती आहे.

कलमाचे स्वरूप

हे कलम सर्वसाधारणपणे पुढील मतलबाचे असते: "ह्या करारातून उद्भवणारा कोणताही वाद धनकोने नेमलेल्या एका लवादाकडे सोपविला जाईल. लवादाची बैठक अमुक शहरी होईल. लवादाचा निवाडा उभय पक्षांवर बंधनकारक राहील." तीन लहान वाक्ये, परंतु त्यांत तीन मोठ्या गोष्टी ठरून गेल्या. पहिली, वाद कोणापुढे चालावयाचा. दुसरी, तो कोठे चालावयाचा. तिसरी, त्याचा शेवट कोणाच्या शब्दाने व्हावयाचा. कर्जदार टिटवाळ्याचा आणि बैठक चेन्नईस, असे झाले म्हणजे दुसऱ्या वाक्याचे वजन किती हे प्रवासाचे भाडे मोजणारास लगेच कळते.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. लवाद ही वाईट वस्तू नव्हे. न्यायालयात न जाता, दोन्ही पक्षांनी विश्वासाचा तिसरा मनुष्य निवडून त्याच्याकडून तंटा मिटवून घेणे, ह्यास लवादाची पद्धत म्हणतात. दोन व्यापारी सारख्या ताकदीचे असतील, दोघांसही धंदा चालू ठेवावयाचा असेल, आणि दोघांनीही लवाद आपण होऊन निवडला असेल, तर ही पद्धत वेळ वाचविते आणि मनेही राखते. आमचा प्रश्न निराळाच आहे. एका बाजूस मोठी वित्तसंस्था, दुसऱ्या बाजूस एकटा ग्राहक. आणि ग्राहकास कलम बदलून मागण्याची सोय नाही. "सही करा, नाहीतर कर्ज मिळणार नाही," अशा स्थितीत दिलेल्या संमतीस संमती म्हणावे काय, हा ह्या पाठाचा मुख्य प्रश्न होय.

आपल्या मुलखातील जुनी चाल

पंचांकडून तंटा तोडून घेणे ही आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि "पांचामुखी परमेश्वर" ही म्हण तिचीच साक्ष देते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्यांनी १८१९ साली, पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात पंचायतीच्या पद्धतीचे वर्णन आले आहे. त्या काळी पंच बसण्यापूर्वी वादी व प्रतिवादी ह्यांजकडून एक कागद लिहून घेत असत. तुम्ही सांगाल तो निवाडा आम्हांस मान्य आहे, असा त्याचा आशय असे. ह्या कागदास "राजीनामा" म्हणत. आज हा शब्द नोकरी सोडण्याच्या अर्थी चालतो. परंतु त्याचा मूळ अर्थ "राजी असल्याचा लेख" असा आहे. विद्यार्थ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पंचांचा अधिकार पक्षांच्या राजीखुशीतून निघत असे, आणि ती राजीखुशी वाद उभा राहिल्यावर, पंच कोण हे डोळ्यांनी पाहून दिलेली असे. आजच्या छापील कलमात वाद उभा राहण्यापूर्वीच, पंच कोण हे ठाऊक नसताना, संमती घेतलेली असते. दोहोंतील अंतर एवढेच आहे, परंतु ते लहान नाही.

न वाचता केलेल्या सहीचा परिणाम काय होतो, ह्याचाही धडा महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. १८७५ च्या १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कर्जबाजारी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांचा मुख्य रोख होता तो सावकारांच्या दप्तरातील कागदांवर. रोखे व खते बाहेर काढून त्यांनी त्यांची होळी केली. हा उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला आणि "दख्खनचे दंगे" ह्या नावाने प्रसिद्ध झाला. ज्या शेतकऱ्यास अक्षरओळख नव्हती त्याने अंगठा उमटविलेला कागदच न्यायालयात त्याच्याविरुद्ध अखेरचा पुरावा ठरत असे. म्हणूनच त्याचा राग कागदावर निघाला. आम्ही दंगलीचे समर्थन करीत नाही. परंतु तिचे कारण समजून घेणे हे विद्यार्थ्याचे कामच आहे.

सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला व पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. त्यातील तीन तरतुदी आजही विचार करण्याजोग्या आहेत. न्यायाधीशास रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार मिळाला. शेतकऱ्याने लिहून द्यावयाचा दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर व्हावा असे ठरले. आणि दाव्यापूर्वी सलोखा घडवून आणण्यासाठी माणसे नेमली गेली. म्हणजे, "सही आहे, तेव्हा संपले," हे तत्त्व गरीब ऋणकोच्या बाबतीत पुरेसे न्याय्य नाही, ही गोष्ट आपल्या मुलखात जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच कायद्याने मान्य केलेली आहे. त्याच दशकात गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक सार्वजनिक काका म्हणत, त्यांच्या पुढाकाराने पुण्यात लवाद कोर्टाचा प्रयोग झाला. त्या कोर्टामागे सरकारी सक्ती नव्हती. लोकांचा विश्वास हेच त्याचे बळ होते. लवादाची पद्धत चांगली केव्हा आणि जाचक केव्हा, हे ह्या एका तुलनेवरून उमगते.

आजचा कायदा काय म्हणतो

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या २८ व्या कलमाप्रमाणे, एखाद्यास आपला हक्क नेहमीच्या न्यायमार्गाने मिळविण्याची पूर्ण मनाई करणारा करार रद्द समजला जातो. मात्र वाद लवादाकडे नेण्याच्या करारास त्यातून सूट आहे. लवादासंबंधी सध्या १९९६ चा लवाद व सलोखा कायदा चालू आहे. करारात लवादाचे कलम असता एका पक्षाने दिवाणी न्यायालयात दावा लावला, आणि दुसऱ्या पक्षाने वेळीच हरकत घेतली, तर ते न्यायालय उभयतांस लवादाकडे पाठविते. कर्जाच्या करारातील कलमाचे बळ ह्यात आहे.

परंतु ग्राहकासाठी आणखी एक दार उघडे आहे. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात असे होते की, हा कायदा इतर कायद्यांस पूरक आहे, त्यांस बाध आणणारा नव्हे. त्या कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली व तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. तेच तत्त्व त्याच्या १०० व्या कलमात कायम आहे. बँकेचे व कर्जपुरवठ्याचे काम हे ह्या कायद्यात "सेवा" ह्या शब्दात स्पष्टपणे अंतर्भूत केलेले आहे.

आता प्रश्न असा की, करारात लवादाचे कलम असताना ग्राहकास ह्या दाराने जाता येते काय? राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या तीन सदस्यांच्या पीठाने १३ जुलै २०१७ रोजी 'आफताब सिंग विरुद्ध एमार एमजीएफ' ह्या प्रकरणात होकारार्थी उत्तर दिले. बांधकाम कंपनीचे म्हणणे असे होते की, २०१५ साली लवाद कायद्यात दुरुस्ती झाल्यामुळे आता आयोगानेही प्रकरण लवादाकडेच पाठविले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१८ रोजी हे म्हणणे फेटाळले. पुढे ९ ऑक्टोबर २०२३ रोजी हेमलता देवी प्रकरणात त्याच न्यायालयाने पुन्हा सांगितले की, ग्राहकाने ग्राहक आयोगाचा मार्ग निवडला असता त्यास लवादाकडे जाण्याची सक्ती करता येणार नाही. ही दोन्ही प्रकरणे घरांच्या खरेदीतील होती. परंतु त्यांतील तत्त्व ग्राहकाचे आहे, आणि कर्ज घेणारा ग्राहकही त्याच कायद्याखाली येतो.

ह्यात दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. पहिली, निवड ग्राहकाची आहे, परंतु ती एकदाच करावयाची आहे. ग्राहकाने आपण होऊन लवादाचा मार्ग पत्करला, तर मागाहून आयोगाकडे येण्यास अडचण येते. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या २०१२ सालच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा इशारा दिलेला आहे. दुसरी, निव्वळ व्यापारी हेतूने घेतलेली सेवा ह्या कायद्यात बसत नाही. स्वतःच्या चरितार्थासाठी स्वतः राबणाऱ्या माणसास मात्र सूट आहे. स्वतःची रिक्षा स्वतः चालविणारा आणि दहा रिक्षा भाड्याने लावणारा ह्यांत कायदा फरक करतो.

लवाद कोणी नेमावा

कलमातील "धनकोने नेमलेला लवाद" हे शब्द आपण पाहिले. ज्याचा तंट्यात स्वार्थ आहे त्यानेच न्याय करणारा निवडावा, हे शाळेतील मुलासही पटणार नाही. कबड्डीच्या सामन्यात एका संघाच्या कप्तानाने पंच नेमावा, आणि दुसऱ्याने मुकाट्याने खेळावे, असा हा प्रकार आहे. २०१५ च्या दुरुस्तीने, पक्षाशी विशिष्ट संबंध असलेली माणसे लवाद होण्यास अपात्र ठरविली. २६ नोव्हेंबर २०१९ रोजी 'पर्किन्स ईस्टमन' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याही पुढे जाऊन सांगितले की, निकालात ज्याचा हितसंबंध आहे त्यास एकमेव लवाद नेमण्याचाही अधिकार नाही. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, लवादाच्या नेमणुकीसह सर्व टप्प्यांवर दोन्ही पक्षांस समान वागणूक मिळाली पाहिजे, हे तत्त्व अधिक पक्के केले.

तथापि ह्या नियमास एक पळवाट आहे, आणि ती पालकांनी अवश्य ध्यानात ठेवावी. वाद उत्पन्न झाल्यावर दोन्ही पक्षांनी स्पष्टपणे लिहून दिले की, "ह्या माणसाच्या अपात्रतेविषयी आमची हरकत नाही," तर ती अपात्रता टळते. तेव्हा तंटा उभा राहिल्यानंतर कोणी कागद पुढे करून "येथे सही करा, केवळ उपचार आहे," असे म्हणेल, तर तो केवळ उपचार नसतो.

थेंबे थेंबे तळे साचे

आता दुसऱ्या अंगाकडे वळू. समजा, एखाद्या संस्थेने करारात नसलेला २९५ रुपयांचा आकार प्रत्येक ग्राहकाच्या खात्यातून कापला. २९५ रुपयांसाठी कोणी रजा काढून, वकील गाठून भांडावयास जाईल काय? बहुधा नाही. आता असे एक लाख ग्राहक आहेत, असे समजा. गुणाकार करून पाहा: २ कोटी ९५ लाख रुपये होतात. प्रत्येकाचे नुकसान थेंबाएवढे, परंतु घेणाऱ्याचे तळे भरले. अशा अन्यायावर उपाय एकच: सर्वांच्या वतीने काही जणांनी एक तक्रार करावयाची. ह्यास सामूहिक किंवा प्रातिनिधिक तक्रार म्हणतात.

अमेरिकेत ह्याच गोष्टीवर मोठे वादंग झाले. तेथील लवादाचा संघराज्य कायदा १९२५ चा. तेथील कित्येक कंपन्या करारात लवादाच्या कलमाबरोबरच असेही लिहू लागल्या की, ग्राहकाने एकट्यानेच यावे, समूहाने येऊ नये. कन्सेप्शियन नावाच्या दांपत्याने फुकट म्हणून जाहीर केलेल्या फोनवर ३० डॉलर २२ सेंट कर आकारला म्हणून सामूहिक दावा लावला. २७ एप्रिल २०११ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला आणि समूहाने येण्याची मनाई लागू ठेवली. २०१७ च्या जुलैत तेथील ग्राहक वित्त संरक्षण कार्यालयाने बँका व कर्जसंस्था ह्यांच्या करारांतील अशा मनाईस आळा घालणारा नियम काढला. परंतु त्याच वर्षी ऑक्टोबरात सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ५० मतांनी तो उडविण्याचा ठराव झाला. समसमान मते पडल्यामुळे उपराष्ट्राध्यक्षांचे मत निर्णायक ठरले. १ नोव्हेंबर २०१७ रोजी राष्ट्राध्यक्षांची सही होऊन नियम रद्द झाला. युरोपाने मात्र १९९३ सालीच ग्राहककरारांतील अन्याय्य अटींविषयी जो निर्देश काढला, त्याच्या परिशिष्टात, ग्राहकास केवळ लवादाकडेच जाण्यास भाग पाडून त्याचा न्यायमार्ग अडविणारी अट अन्याय्य ठरू शकणाऱ्या अटींत नमूद केली आहे. एकाच प्रश्नास दोन खंडांनी दोन उत्तरे दिली, हे पाहण्यासारखे आहे.

आपल्याकडे २०१९ च्या कायद्याच्या ३५ व्या कलमाप्रमाणे, ज्यांचे हितसंबंध एकच आहेत अशा अनेक ग्राहकांच्या वतीने एक किंवा अधिक ग्राहकांस, आयोगाच्या परवानगीने, तक्रार करता येते. करारातील कलम जर आयोगाचे दार बंद करू शकत नाही, तर त्या दाराने एकट्याने जावे की समूहाने, हेही त्या कलमाने ठरू नये, हे ओघानेच येते. मात्र "एकच हितसंबंध" ही अट कडक आहे. बंगळुरूच्या एका गृहसंकुलात १,१३४ सदनिका होत्या. त्यांपैकी सुमारे ५१ सदनिकांच्या ९१ खरेदीदारांनी सर्वांच्या वतीने तक्रार केली. १७ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सर्वांचे गाऱ्हाणे एकच आहे हे त्यांनी दाखविलेले नाही. तरी ती तक्रार त्या ९१ जणांची स्वतःची संयुक्त तक्रार म्हणून चालू शकेल. टिटवाळ्यात नवीन इमारतींत राहावयास आलेल्या कुटुंबांनी हा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. सर्वांसाठी भांडता आले नाही, तरी शेजाऱ्यांबरोबर भांडण्याची वाट राहतेच.

ह्याखेरीज २०२० साली स्थापन झालेले केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण समूहाच्या हिताची बाब आपण होऊन हाती घेऊ शकते. त्याच कायद्यात "अन्याय्य करार" ही नवीन कल्पनाही आली. नुकसानीच्या मानाने भलताच दंड लावणे, कर्ज मुदतीपूर्वी फेडू न देणे, कारण नसता एकतर्फी करार मोडणे, ग्राहकावर गैरवाजवी आकार किंवा अट लादणे, अशा गोष्टी तीत मोडतात. अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येत नाही. ती राज्य आयोगाकडे किंवा रक्कम फार मोठी असल्यास राष्ट्रीय आयोगाकडे करावी लागते.

व्यवहारात काय करावे

येथवर तत्त्वे झाली. आता टिटवाळ्याच्या घरात त्यांचा उपयोग कसा करावयाचा, ते क्रमाने सांगतो.

एक. सही करण्यापूर्वी मुख्य अटींचे पत्रक मागून घ्यावे. रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या आदेशाप्रमाणे, १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जासाठी हे पत्रक देणे सक्तीचे झाले. ते ऋणकोस समजणाऱ्या भाषेत असावयास पाहिजे. म्हणून मराठीत मागण्यास संकोच करू नये. सर्व आकार धरून वर्षाचा खरा दर किती पडतो, तो त्यात दिलेला असतो. त्या पत्रकात नसलेला आकार ऋणकोच्या स्पष्ट संमतीवाचून घेता येत नाही.

दोन. सही झालेल्या कराराची पूर्ण प्रत घरी ठेवावी. जामीन राहणाऱ्यानेही आपली प्रत घ्यावी. "नुसता साक्षीदार म्हणून सही कर," असे सांगून जामीनदाराच्या रकान्यात सही घेतलेली असू शकते. रकान्याचे शीर्षक वाचल्यावाचून सही करू नये.

तीन. गाऱ्हाणे उत्पन्न झाले तर आधी संस्थेस लेखी कळवावे व पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यास फी नाही. १२ नोव्हेंबर २०२१ पासून बँका व इतर वित्तसंस्था ह्यांच्यासाठी ही व्यवस्था एकत्र करण्यात आली. परंतु तेच गाऱ्हाणे न्यायालयापुढे किंवा लवादापुढे चालू असल्यास लोकपाल ते घेत नाही. म्हणून पायऱ्यांचा क्रम आधी ठरवावा.

चार. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्यास दोन वर्षांची मुदत आहे. ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. संस्थेची कचेरी कोठे आहे ह्यास महत्त्व नाही. टिटवाळा ठाणे जिल्ह्यात असल्यामुळे चेन्नई-कोलकात्याची वाट धरण्याचे कारण उरत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास फी नाही. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. घरबसल्या तक्रार दाखल करण्याची सोयही झाली आहे. २०२० साली तिचा आरंभ ई-दाखिल ह्या नावाने झाला.

पाच. लवादाकडून किंवा धनकोच्या वकिलाकडून नोटीस आली, तर ती न उघडता कपाटात ठेवणे हा सर्वांत घातक मार्ग होय. प्रतिवादी गप्प राहिला तरी लवादास काम पुढे चालविता येते, आणि झालेला निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे वसूल करता येतो. म्हणून नोटिशीस ताबडतोब लेखी उत्तर द्यावे आणि लवाद एकतर्फी नेमला असल्यास तशी हरकत त्यातच घ्यावी. निवाड्याविरुद्ध न्यायालयात जाण्यास, तो हाती पडल्यापासून तीन महिन्यांची मुदत आहे. सबळ कारण दाखविल्यास आणखी तीस दिवस मिळतात; त्यापुढे एक दिवसही नाही.

सहा. दारात येऊन दमदाटी करण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेस नाही. वसुलीसाठी दांडगाई करणारी माणसे पाठविणे गैर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली प्रकाश कौर प्रकरणात स्पष्ट बजावले आहे. अशा वेळी भिऊन कोऱ्या कागदावर सही करू नये.

सात. स्त्रिया व मुले ह्यांस, तसेच अनुसूचित जाती-जमातींतील आणि ठराविक मर्यादेच्या आतील उत्पन्नाच्या लोकांस, १९८७ च्या कायद्याप्रमाणे विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळू शकतो. पैशाअभावी गप्प बसण्याचे कारण नाही.

ह्या सातांबरोबर एक आठवी गोष्ट सांगितली नाही, तर पाठ एकांगी होईल. घेतलेले कर्ज फेडणे हे ऋणकोचे कर्तव्य आहे. तक्रार केली म्हणून हप्ता आपोआप थांबत नाही. कायद्याने दिलेले संरक्षण अन्यायाविरुद्ध आहे. खऱ्या देण्यातून पळण्यासाठी नाही. हप्ते वेळेवर भरणाराची तक्रार अधिक जोराने ऐकली जाते, हे व्यवहारातले शहाणपण आहे.

विद्यार्थ्यांस

तुम्हांपैकी बहुतेकांचे वय अठराच्या आत आहे. अज्ञानाने केलेला करार आपल्याकडे मुळातच रद्द समजला जातो. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलाने मोहरी बीबीच्या प्रकरणात हे ठरविले, आणि ते प्रकरणही एका अज्ञान मुलाने सावकारास लिहून दिलेल्या गहाणखताचेच होते. म्हणून आज तुमच्या सहीस किंमत नाही. परंतु तुमच्या वाचनास आहे. घरातील ज्या माणसाने तुमच्या फीसाठी कष्ट उपसले, त्याच्या सहीचा कागद तुम्ही शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखविलात, तर तुमच्या शिक्षणाचे फळ त्यास त्याच दिवशी मिळाले असे होईल. शब्द अडला तर शिक्षकांस विचारा. न समजलेल्या ओळीखाली रेघ ओढा, आणि त्या ओळीचा अर्थ संस्थेच्या माणसाकडून लेखी मागावयास वडिलांस सांगा. अठरा वर्षे पूर्ण होताच तुमचीही सही मागणारे लोक येतील. तोवर ही सवय हाडीमाशी खिळलेली असावी.

अभ्यासासाठी प्रश्न

१. "राजीनामा" ह्या शब्दाचा जुना व आजचा अर्थ सांगा. जुन्या पंचायतीतील संमती आणि छापील कलमातील संमती ह्यांत कोणता फरक आहे?

२. १८७९ च्या कायद्यातील तीन तरतुदी लिहा. त्यांपैकी कोणत्या तरतुदीची आठवण २०२४ च्या मुख्य अटींच्या पत्रकावरून होते, आणि का?

३. एका संस्थेने ४०,००० ग्राहकांकडून प्रत्येकी ११८ रुपये जादा कापले. एकूण रक्कम काढा. एकट्या ग्राहकास तक्रार करणे का परवडत नाही, ते चार ओळींत लिहा.

४. घरातील एखाद्या जुन्या कर्जाच्या किंवा विम्याच्या कागदात लवादाचे कलम शोधा. लवाद कोण नेमणार व बैठक कोठे होणार, हे पालकांस मराठीत समजावून सांगा.